लोकांच्या भिंतीवरचा चित्रकार : नंदलाल बोस

दोन वर्षांपूर्वी, बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला, माझा अकौंट्सचा पेपर राहिला. घरी कोणी रागावले नाही, पण त्या सुट्टीत माझे लक्ष कशातच लागेना. वेळ घालवायला म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसत असे. तेथे काचेच्या कपाटात भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची छापील प्रतिकृती ठेवलेली आहे. एकदा ग्रंथपालांनी ती मला टेबलावर काढून दिली. कलमे वाचण्याचा धीर मला नव्हता. मी चित्रेच पाहत बसलो. प्रत्येक भागाच्या आरंभी एक चित्र. मोहेंजोदडोचा बैल, वनातला आश्रम, भगवान बुद्ध. पुढे शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह, आणि त्यांच्या मागोमाग टिपू सुलतान आणि झाशीची राणी. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांना तेथे आपापली ओळखीची माणसे भेटतील. ही चित्रे कोणाची, असे मी विचारले, तेव्हा शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे विद्यार्थी, असे उत्तर मिळाले. मग नंदलालांविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो, आणि पहिल्याच प्रकरणात मला कळले की हे गृहस्थ कॉमर्सच्या वर्गात बसून नापास झाले होते! खरे सांगतो, त्यानंतर मला ते परके वाटलेच नाहीत.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात हवेली खडगपूर येथे झाला. घर बंगाली, वडील पूर्णचंद्र दरभंगा महाराजांच्या जमीनदारीत कारभारी होते. आई क्षेत्रमणिदेवी मुलांसाठी बाहुल्या आणि खेळणी करण्यात फार हुशार होती. नंदलाल लहान असतानाच ती वारली. गावात कुंभार होते, मूर्तिकार होते, आणि पूजेच्या दिवसांत मातीच्या मूर्ती घडताना पाहायला हा मुलगा तासन् तास उभा राही. पुढे ज्यांनी त्यांना भारतीय कलेचे आचार्य म्हटले, त्यांनी ही पहिली शाळा विसरू नये असे मला वाटते.

पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. १९०२ साली ते शालेय परीक्षा उत्तीर्ण झाले, १९०३ मध्ये सुधीरादेवींशी लग्नही झाले. पण कॉलेजात गाडी अडली. एक कॉलेज सोडून दुसरे धरले, तेथेही तेच. शेवटी १९०५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात कॉमर्ससाठी नाव घातले. चित्रकला शिकायला घरच्यांची परवानगी नव्हती, आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. लग्न झालेल्या मुलाने रंगांवर पोट भरायचे म्हटले तर आजही आपल्या गल्लीतली वडीलधारी माणसे मान हलवतात. कॉमर्सही जमेना, तेव्हा कुठे घरच्यांचा विरोध मावळला आणि नंदलाल सरकारी कलाशाळेच्या दारात उभे राहिले.

त्या शाळेत तेव्हा दोन विलक्षण माणसे होती. मुख्याध्यापक ई. बी. हॅवेल हे इंग्रज असूनही भारतीय चित्रे आणि मूर्ती यांचे कट्टर अभिमानी होते, आणि त्यांचे सहकारी होते रवींद्रनाथांचे पुतणे अवनींद्रनाथ टागोर. प्रवेशाच्या वेळी नंदलालांना गणपती काढायला सांगितला गेला, अशी गोष्ट सांगतात. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीचे वारे वाहत होते आणि युरोपातील पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून रेघा ओढणे म्हणजेच कला, ही समजूत ढासळू लागली होती. अवनींद्रनाथांच्या हाताखाली नंदलाल झपाट्याने तयार झाले. ‘शिव-सती’ या चित्राला १९०८ च्या प्रदर्शनात पाचशे रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळी ही मोठी रक्कम. ती त्यांनी घरात न ठेवता भारत पाहण्यासाठी खर्च केली. आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर, सगळेच्या सगळे भांडवलात घातले.

या भांडवलाचा सर्वांत मोठा लाभ मात्र आपल्या मुलखात झाला. १९०९ साली लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. तिच्या मदतीला कलकत्त्याहून जी तरुण मंडळी गेली त्यांत नंदलाल होते, असित हलदार होते, आणि म्हैसूरचे के. वेंकटप्पाही होते, ज्यांच्या नावाचे कलादालन आज बंगळूरला आहे. नंदलालांनी तोपर्यंत लहान आकाराची, हातात धरून पाहण्याची चित्रे केली होती. अजिंठ्याला त्यांच्यासमोर आख्खी भिंत आली. त्या भिंतीवर राजपुत्राशेजारी दासी आहे, हत्ती आहे, माकडे आहेत, भिक्षा मागणारा आहे, आणि कोणत्याही कोपऱ्यात चित्रकाराचे नाव नाही. हे चित्र कोणाच्या मालकीचे नव्हते. जो आत येईल त्याचे होते. नंदलालांच्या पुढील आयुष्याची दिशा या गुहेत ठरली, असे माझे मत आहे.

१९१७ साली जगदीशचंद्र बोस यांच्या विज्ञानमंदिरात त्यांनी भित्तिचित्रे काढली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबारच्या बोलावण्यावरून ते असित हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबर बाघच्या लेण्यांत गेले आणि तेथील झिजत चाललेल्या चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या. बाघची मूळ चित्रे पुढे आणखी खराब झाली, त्यामुळे या प्रतिकृतींचे मोल आता मुळाइतकेच झाले आहे. या सगळ्या काळात एक ओढाताणही चालू होती. अवनींद्रनाथांना हा शिष्य कलकत्त्यात हवा होता आणि रवींद्रनाथांना शांतिनिकेतनात. १९१९ मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले. काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे असे करत अखेर नंदलाल शांतिनिकेतनला स्थिरावले, १९२२ च्या सुमारास कलाभवनाचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत राहिले. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणजे आपले गुरुजी.

या गुरुजींचे शिकवणे विलक्षण होते. भोवती बीरभूमची तांबडी माती, ताडाची झाडे आणि संथाळांची गावे. संथाळ बायका आपल्या मातीच्या भिंती सारवून त्यावर रंगांचे पट्टे देत. गुरुजी मुलांना ते पाहायला नेत. खिशात नेहमी कोरी कार्डे असत. वाटेत बकरी, मोट वाहणारा मजूर, वाकलेले झाड, जे दिसेल ते कार्डावर उतरे. पूर्व बंगालातून आलेल्या सुकुमारीदेवी या विधवा बाईंना त्यांनी कलाभवनात आल्पना शिकवायला घेतले. आल्पना म्हणजे बंगालची रांगोळी, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोट बुडवून काढलेली. आपल्या आज्या, आत्या रोज सकाळी उंबऱ्यासमोर रांगोळी काढतात, पण ती शिकवण्यासाठी त्यांना कोणी कॉलेजात नेमल्याचे मी ऐकलेले नाही. रवींद्रनाथांच्या नाटकांचे रंगमंच आणि वेष, उत्सवांची सजावट, ‘सहजपाठ’ या मुलांच्या पहिल्या वाचनपुस्तकातली १९३० सालची काळीपांढरी चित्रे, हे सगळे याच हातांचे. चित्र तेवढे श्रेष्ठ आणि विणकाम, चामड्याचे काम, कुंभारकाम कनिष्ठ, हा भेद त्यांनी मानला नाही. ज्या समाजातून कारागिरी गेली त्या समाजाचे दारिद्र्य वाढले, आणि सौंदर्याची दृष्टीही गेली, असे ते लिहीत आणि शिकवीत.

शांतिनिकेतनच्या शेजारी श्रीनिकेतन ही रवींद्रनाथांनी काढलेली ग्रामसुधारणेची संस्था आहे. रवींद्रनाथांनी तेथे नांगरणीचा उत्सव सुरू केला, हलकर्षण. आपण बेंदराला किंवा कारहुणवीला बैल रंगवतो, त्याच जातीचा हा सोहळा. १९३० साली नंदलालांनी श्रीनिकेतनच्या एका भिंतीवर हा उत्सव रंगवला. बैल, नांगर आणि भोवती जमलेली माणसे. ज्या शेतकऱ्यांसाठी संस्था होती, त्यांनाच भिंतीवर जागा मिळाली. त्यापूर्वी १९२७ मध्ये त्यांनी जयपूरहून नरसिंहलाल नावाच्या मिस्त्रींना बोलावून घेतले होते. चुन्याचा गिलावा कसा घोटायचा, ओल्या गिलाव्यात रंग कसा मुरवायचा, हे कलाभवनाच्या प्रमुखाने विद्यार्थ्यांबरोबर बसून गवंडीकाम करणाऱ्या माणसाकडून शिकून घेतले. पुढे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी मातीचे एक घर बांधले गेले. त्याच्या भिंतींवर मातीतच उठावाची चित्रे केली आणि पावसापासून टिकावे म्हणून वर डांबर फासले. ते ‘कालोबाडी’, म्हणजे काळे घर, म्हणून प्रसिद्ध आहे. रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे शिष्य याच वातावरणात वाढले.

आता मी ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो.

१९३० मध्ये दांडीयात्रेनंतर नंदलालांनी हातात काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचा लिनोलियमवर कोरलेला ठसा छापला. काळ्या भूमीवर पांढऱ्या मोजक्या रेघा. तो आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे, चित्रकाराचे नाव मात्र बहुतेकांना माहीत नसते. गांधीजींनी १९३६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये कलाप्रदर्शनाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरायचे होते, आपल्या खानदेशातील फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. स्थानिक कामाचा भार धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांवर होता, आणि साने गुरुजीही त्यासाठी गावोगाव हिंडले होते. तेथील नगराची रचना आणि सजावट नंदलालांनी करावी अशी गांधीजींची इच्छा होती. आपण चित्रकार आहोत, बांधकामातले आपल्याला कळत नाही, असे सांगून नंदलालांनी आधी अंग काढून घेण्याचा प्रयत्न केला. गांधीजींनी ते मानले नाही. वर अट अशी की, जे खेड्यात मिळते तेच वापरायचे आणि खेड्यातल्या हातांनीच करायचे.

मग बांबू आले, तट्ट्या आल्या, गवत आले. कमानी, दारे, मंडप या साध्या वस्तूंतून उभे राहिले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी मोटार न घेता बैलांचा सजवलेला रथ होता. ज्या शेतकऱ्याच्या अंगणात रोज हाच बांबू आणि हेच बैल असतात, त्याला ते त्या दिवशी कसे दिसले असतील, याची मी कल्पना करून पाहतो. आपल्याकडे गणेशोत्सवाचे मंडप उभारताना मी थोडेफार काम केले आहे. दर वर्षी बाहेरून काहीतरी महाग आणावे, अशीच आमची सर्वांची धडपड असते. फैजपूरला नेमके उलटे झाले होते.

१९३८ च्या फेब्रुवारीत अधिवेशन गुजरातेत बारडोलीजवळ हरिपुरा येथे भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. फैजपूरच्या दक्षिणेकडून वाहणारी तापीच पुढे हरिपुऱ्यापर्यंत जाते, असे नकाशात पाहिले तेव्हा मला गंमत वाटली. येथे गांधीजींनी पुन्हा नंदलालांनाच बोलावले. नंदलालांनी आधी भोवतालच्या गावांत फिरून माणसांची रेखाटने केली. मग हातकागदावर, मातीच्या आणि साध्या रंगांत, ठसठशीत रेघांनी त्यांनी भित्तिपत्रके काढली. त्यांनी स्वतः काढलेली ऐंशीच्या वर होती. विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांवरून आणखी काढली, आणि सगळी मिळून संख्या चारशेच्या घरात गेली. ती प्रवेशद्वारांवर, मंडपांवर, येण्याजाण्याच्या वाटांवर लावली गेली. बहुतेक चित्रांत वर कमानीचा आकार आहे. देवळाच्या कोनाड्यात मूर्ती बसवावी तशी त्या कमानीत माणसे बसवली आहेत. आणि माणसे कोण? ढोल वाजवणारा, मल्ल, सुतार, चांभार, कुंभार, कांडण करणाऱ्या बायका, सूत कातणारी बाई, बैल आवरणारा गडी.

त्यांत एक शिंपीही आहे. माझे वडील शिंपी आहेत. आमचे दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक फळी, एक मशीन आणि मापांची वही. मला आठवते तेव्हापासून वडिलांची अपेक्षा एवढीच की मुलाने टेबलखुर्चीच्या नोकरीला लागावे, या मशीनवर बसू नये. मीही शाळेत वडिलांचा धंदा विचारला की हळू आवाजात सांगत असे. त्या पुस्तकाचे पान मी घरी आणून वडिलांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. हे काँग्रेसच्या अधिवेशनात लावले होते का, मोठी मोठी माणसे त्याखालून गेली का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी हो म्हटले. मग ते पुन्हा कामाला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून आणायला मला पैसे दिले. ती आता दुकानात कॅलेंडरच्या शेजारी लावलेली आहे.

अकौंट्समध्ये आम्हाला घसारा शिकवतात. वस्तू किती वर्षे टिकणार ते ठरवून तिची किंमत दर वर्षी कमी करत जायची. हरिपुऱ्याच्या भित्तिपत्रकांचे आयुष्य धरायचे झाले तर काही दिवसांचेच होते. उन्हाधुळीत, माणसांच्या गर्दीत लावण्यासाठी केलेली ती कामे. कोणी विकत घ्यावीत, दिवाणखान्यात लावावीत म्हणून ती केलेलीच नव्हती. तरीही त्यांतल्या एकाही रेघेत घाई किंवा चालढकल नाही, हे छापील पानातसुद्धा दिसते. चार दिवसांच्या कामाला चाळीस वर्षांच्या कामाइतकाच जीव लावायचा, हा हिशेब कॉमर्सच्या पुस्तकात बसत नाही, आणि कदाचित म्हणूनच नंदलाल त्या वर्गात रमले नसावेत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो माझ्या मित्राने घेतलाही. गांधीजींच्या खेड्यातल्या अधिवेशनांसाठी बांबू बांधणारा हाच माणूस बडोद्याला गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात चित्रे काढायला कसा गेला? कीर्तिमंदिर हे राजघराण्याचे स्मारक. सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून नंदलालांनी तेथे १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाईचे जीवन, ‘नटीर पूजा’ आणि कुरुक्षेत्र. महाराज १९३९ मध्येच वारले, काम मात्र पुढे सात वर्षे चालू राहिले. बडोद्याच्या मराठी मंडळींना या भिंतींचा योग्य अभिमान आहे. मित्राच्या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. पण विषय पाहावेत. राजाच्या स्मारकात एकही राजाचा विजय नाही. नदी आहे, राजवाडा सोडून निघालेली मीरा आहे, बुद्धाच्या पूजेसाठी प्राण देणारी नर्तकी आहे, आणि युद्ध आहे ते सर्वनाशाचे. ‘नटीर पूजा’ची भिंत १९४३ ची. त्याच साली बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती, आणि त्याच साली नंदलालांनी अन्नपूर्णेपुढे भिक्षा मागणाऱ्या शिवाचे चित्र काढले. त्यातला शिव म्हणजे नुसता हाडांचा सापळा आहे. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या शिवाच्या चित्राला पाचशे रुपये मिळाले होते, तो हाच देव. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली तर मधली वर्षे कशी गेली ते सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाचे काम आले. अक्षरे दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली. सजावट नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी केली. उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. सिंहमुद्रेच्या रेखाटनात दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याचा वाटा होता. हे भार्गव पुढे इंदूरला स्थायिक झाले. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी त्या प्रतीवर सह्या केल्या. १९५४ मध्ये नंदलालांना पद्मविभूषण मिळाले. म्हातारपणी ते शांतिनिकेतनातच राहिले, आणि रंगांपेक्षा काळी शाई अधिक वापरू लागले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये सरकारने त्यांची कामे राष्ट्रीय कलासंपत्ती ठरवली. ती देशाबाहेर विकता येत नाहीत.

काही दिवसांसाठी केलेली हरिपुऱ्याची भित्तिपत्रके आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. २०१९ साली त्यांतली काही इटलीतील व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात भारताच्या दालनात लावली गेली. फैजपूरचे बांबू मात्र त्या हिवाळ्यातच सोडले गेले.

माझा राहिलेला पेपर पुढच्या ऑक्टोबरात सुटला. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईक मापे देताना त्या झेरॉक्सकडे पाहून हा कोण म्हणून विचारते, तेव्हा वडील चित्रकाराचे नाव सांगत नाहीत. आमच्यातलाच आहे, एवढेच सांगतात आणि टेप मानेवरून ओढून घेतात.